अल-शबाब आणि सोमालियाची यादवी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोमालियाच्या राजधानीत, मोगादिशूत, मोठा स्फोट झाला की हे प्रश्न पुन्हा येऊ लागतात. विचारणारे वेगळे, प्रश्न बहुतेक तेच. म्हणून उत्तरं एकदाच सविस्तर लिहून ठेवली आहेत. आधी प्राथमिक प्रश्न आहेत, अडचणीचे शेवटी. एखाद्या उत्तरात दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिसला, तर उरलेला भाग तिथे आहे असं समजा.

१. अल-शबाब म्हणजे नेमकं काय? नावाचा अर्थ काय?

पूर्ण नाव 'हरकत अल-शबाब अल-मुजाहिदीन'. अरबीत 'शबाब' म्हणजे तरुण मंडळी. उर्दू शायरीतून आपल्या कानावर पडणारा शबाब हाच. दक्षिण आणि मध्य सोमालियात २००६ च्या सुमारास पुढे आलेली ही सशस्त्र इस्लामवादी संघटना आहे. मोगादिशूतलं संघराज्य सरकार उलथवायचं, परदेशी फौजा हाकलायच्या आणि आपल्या समजुतीतली शरियत लागू करायची, हे तिचं उघड उद्दिष्ट. लढवय्यांच्या संख्येचे अंदाज बदलत राहतात. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालांत बरीच वर्षं ७,००० ते १२,००० हा आकडा दिसत आला. २०१४ पासून प्रमुख आहे अहमद दिरिये, ज्याला अबू उबैदा असंही म्हणतात.

२. सोमालियात यादवी मुळात सुरू कशी झाली?

सियाद बर्रे हा लष्करशहा १९६९ पासून सत्तेवर होता. जानेवारी १९९१ मध्ये तो राजधानी सोडून पळाला आणि त्याच्यामागे राज्य नावाचं काही उरलंच नाही. सोमाली समाज एका भाषेचा आणि एका धर्माचा, पण आतून कुळांत विभागलेला: हविये, दारोद, दिर, रहनवेन, आणि त्यांच्या पोटात उपकुळं. बर्रेविरुद्ध एकत्र आलेले गट तो जाताच एकमेकांवर उलटले. आपल्याकडचा 'भाऊबंदकी' हा शब्द इथे चपखल बसतो, फरक इतकाच की इथल्या भाऊबंदांकडे तोफा होत्या.

मग अमेरिका आणि संयुक्त राष्ट्रांच्या फौजा आल्या. भारताचीही एक ब्रिगेड १९९३-९४ मध्ये बैदोआ भागात तैनात होती. ऑक्टोबर १९९३ मध्ये मोगादिशूच्या चकमकीत १८ अमेरिकी सैनिक मारले गेले, अमेरिकेने काढता पाय घेतला आणि मार्च १९९५ पर्यंत संयुक्त राष्ट्रांची फौजही गेली. त्यानंतरची दहाएक वर्षं शहर टोळीप्रमुखांच्या हाती होतं. गल्लीगल्लीत नाका, आणि प्रत्येक नाक्यावर वेगळा वसूलदार.

३. मग या सगळ्यात अल-शबाब जन्मली कुठून?

न्यायालयांतून. उत्तर विचित्र वाटेल, पण पुढचं बरंच काही त्यातूनच उलगडतं.

सरकार नसलेल्या शहरात व्यापाऱ्यांना आणि कुळांतल्या वडीलधाऱ्यांना चोरी-खुनाचे निवाडे करणारं कोणीतरी हवं होतं. त्यातून शरियत न्यायालयं उभी राहिली, प्रत्येकाच्या दिमतीला थोडे बंदूकधारी. पुढे ती एकत्र येऊन 'इस्लामी न्यायालयांचा संघ' झाला. २००६ च्या सुरुवातीला अमेरिकेच्या पैशावर काही टोळीप्रमुखांनी दहशतवादविरोधी आघाडी काढली; तिच्याविरुद्ध शहर उसळलं आणि जूनमध्ये न्यायालयांच्या संघाने मोगादिशू जिंकलं. नाके उठले, विमानतळ आणि बंदर उघडलं. अनेक मोगादिशूकर आजही ते सहा महिने 'शांततेचे' म्हणून सांगतात.

या संघातली सर्वांत जहाल तरुण पलटण म्हणजे अल-शबाब. अफगाणिस्तानात राहून आलेले अदन हाशी आयरो, अहमद अब्दी गोदाने, इब्राहिम अल-अफगाणी हे तिच्यातले म्होरके. डिसेंबर २००६ मध्ये इथिओपियाचं सैन्य आत शिरलं आणि संघ काही दिवसांत कोसळला. मवाळ नेते परदेशी गेले, ही पोरं मागे राहून लढली. इथिओपिया सोमालींचा जुना वैरी, दोघांत १९७७-७८ ला युद्ध झालेलं. अशा सैन्याविरुद्ध लढणाऱ्यांना धर्माबरोबर देशाभिमानाचंही बळ मिळालं. जानेवारी २००९ ला इथिओपियन सैन्य परतलं, तोवर एका संघाची छोटी पलटण देशातली सर्वांत मोठी बंडखोर फौज होऊन बसली होती.

४. हिज्बुल इस्लाम आणि अल-शबाब एकच का?

नाही, पण गोंधळ स्वाभाविक आहे. २००९ च्या सुरुवातीला चार लहान गट मिळून हिज्बुल इस्लाम झाली. न्यायालयांच्या संघाचे जुने नेते हसन दाहिर अवेस मे महिन्यात तिचे प्रमुख झाले. तेव्हा संघाचेच माजी अध्यक्ष शरीफ शेख अहमद तडजोड करून देशाचे राष्ट्राध्यक्ष झाले होते. म्हणजे कालचे सहकारी, एक सरकारात आणि दुसरे त्याच्यावर तोफा डागणारे.

आधी दोन्ही संघटना खांद्याला खांदा लावून लढल्या. ऑक्टोबर २००९ मध्ये किस्मायो बंदर कोणाचं, यावरून त्यांचीच जुंपली. बंदराचं उत्पन्न हे खरं कारण होतं (प्रश्न ७ पाहा). अल-शबाब जिंकली आणि डिसेंबर २०१० मध्ये हिज्बुल इस्लाम तिच्यात विरून गेली. २०१२ मध्ये एक तुकडा पुन्हा बाहेर पडला, पण त्याला जुनं वजन राहिलं नाही.

५. ही अल-कायदाची शाखा आहे की इसिसची?

अल-कायदाची. फेब्रुवारी २०१२ मध्ये गोदाने आणि अल-कायदाचा तेव्हाचा प्रमुख अयमान अल-जवाहिरी यांनी ते उघड जाहीर केलं. निर्णय सर्वांना रुचला नव्हता. ज्यांना सोमालियापुरतंच लढायचं होतं त्यांना गोदानेने २०१३ मध्ये बाजूला केलं. अल-अफगाणी त्यात मारला गेला, अवेस पळाले. गोदाने स्वतः सप्टेंबर २०१४ मध्ये अमेरिकी हवाई हल्ल्यात ठार झाला.

इसिसची सोमाली शाखा वेगळी आणि आकाराने लहान. अब्दुलकादिर मुमिन ऑक्टोबर २०१५ मध्ये अल-शबाबमधून फुटून ईशान्येकडच्या पुंटलँडच्या डोंगरात गेला. दोन्ही संघटना एकमेकींच्या जिवावर उठलेल्या आहेत.

६. सोमाली तर जवळपास सगळे मुसलमान. मग भांडण कशाचं?

सोमाली इस्लाम परंपरेने सुन्नी, शाफई पंथाचा आणि सूफी वळणाचा. पीर, दर्गे, उरूस हे सगळं तिथे आहे; महाराष्ट्रातल्या वाचकाला हे चित्र अनोळखी नाही. अल-शबाबच्या लेखी ही मूर्तिपूजा. तिने सूफी संतांच्या कबरी उद्ध्वस्त केल्या, आणि त्याचा परिणाम असा झाला की एरवी हातात जपमाळ घेणाऱ्या सूफींनी २००८ मध्ये 'अहलू सुन्ना वल जमाआ' या नावाने बंदुका उचलल्या.

दुसरी गोष्ट कुळांची. संघटना म्हणते की आम्ही कुळं मानत नाही, आणि दुर्बळ कुळांतल्या तरुणांना हेच आकर्षित करतं. व्यवहारात मात्र कोणत्या गावात कोणाला नेमायचं, कोणाकडून किती वसूल करायचं, हे कुळांचा हिशेब मांडूनच ठरतं.

७. इतकी वर्षं लढायला पैसा येतो कुठून? अरब देश देतात का?

मुख्यतः सोमाली माणसाच्या खिशातून. अमेरिकेच्या अर्थखात्याने वार्षिक उत्पन्नाचा अंदाज १० कोटी डॉलरहून जास्त दिला आहे. मोगादिशूतल्या हिराल इन्स्टिट्यूटने २०२० मध्ये महिन्याला किमान दीड कोटी डॉलर असा आकडा मांडला होता, आणि त्यातली मोठी वसुली सरकारच्या ताब्यातल्या मोगादिशूतूनच.

पद्धत समजून घेण्यासारखी आहे. वाहनांवर 'गादीद' नावाचा कर, मालावर वेगळा, शेतीवर वेगळा, आणि वर्षातून एकदा जकात. मराठीत जकात म्हटलं की नाक्यावर अडवलेला ट्रक आठवतो. मुंबईत २०१७ पर्यंत ती होतीच. मूळ अरबी शब्द मात्र धर्मात सांगितलेल्या दानाचा. अल-शबाबने दोन्ही अर्थ पुन्हा एकत्र आणले: नाव दानाचं, वसुली नाक्यावरची. ट्रकवाल्याला पावती मिळते आणि ती पुढच्या नाक्यावर चालते. सरकारी सैनिक किंवा कुळाच्या टोळ्या दर नाक्यावर नव्याने हात पसरतात, म्हणून काही वाहतूकदार अल-शबाबचाच रस्ता पत्करतात. मोगादिशू बंदरात उतरणाऱ्या मालाची माहितीही संघटनेपर्यंत पोचते आणि आयातदाराला फोन येतो. पैसे नाकारले तर काय होईल, हे फोनवर सांगावं लागत नाही.

एकेकाळी किस्मायोतून निघणारा लाकडी कोळसाही मोठं साधन होता. बाभळीची झाडं तोडून केलेला हा कोळसा आखातात जायचा; फेब्रुवारी २०१२ मध्ये सुरक्षा परिषदेने त्याच्या निर्यातीवर बंदी घातली.

८. लोक त्यांच्या न्यायालयात स्वतःहून जातात, हे खरं?

खरं आहे, आणि जाणारे सगळे समर्थक नसतात. मोगादिशूत जमिनीचा वाद सरकारी न्यायालयात नेला तर वर्षं जातात, लाच जाते, आणि निकाल लागलाच तरी तो अमलात येईल याची खात्री नाही. दुबळ्या कुळातल्या माणसाला तर आशाच नसते. अशी माणसं बसमध्ये बसून शहराबाहेर अल-शबाबच्या काझीपुढे जातात. निकाल लवकर लागतो आणि हरलेला पक्ष तो पाळतो. न पाळण्याची किंमत त्याला माहीत असते.

पण याला 'सुशासन' म्हणणाऱ्यांनी याच न्यायव्यवस्थेची दुसरी बाजूही वाचावी. चोरीसाठी हात तोडणं, हेरगिरीच्या आरोपावरून भर चौकात गोळ्या घालणं हे तिचेच निकाल. ऑक्टोबर २००८ मध्ये किस्मायोत १३ वर्षांच्या मुलीला व्यभिचाराच्या आरोपावरून दगडांनी ठेचून मारलं गेलं. तिच्यावर बलात्कार झाल्याची तक्रार घेऊन घरचे आले होते.

९. समोशावर बंदी घातली होती, ही अफवा की बातमी?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, का ते सांगायला नको. २०११ मध्ये अशी बातमी जगभर छापून आली होती. समोशाचे तीन कोन ख्रिस्ती त्रिमूर्तीसारखे दिसतात म्हणून बंदी, असं त्यात होतं. ते कारण संघटनेने अधिकृतपणे सांगितलेलं नव्हतं, तेव्हा जपून घ्या. सोमालीत समोशाला 'सांबूस' म्हणतात आणि रमजानच्या संध्याकाळी तो घरोघरी असतो.

याहून पक्क्या आणि याहून अजब गोष्टी आहेत. एप्रिल २०१० मध्ये हिज्बुल इस्लामने रेडिओवर संगीत वाजवायला मनाई केली. केंद्रांनी मग कार्यक्रमांच्या मध्ये गाण्यांऐवजी गोळीबाराचे, गाड्यांचे, प्राण्यांचे आवाज लावले. त्याच महिन्यात जोहर शहरात अल-शबाबने शाळेची घंटा बंद करवली, कारण ती चर्चच्या घंटेसारखी वाटते. फुटबॉल विश्वचषक पाहण्यावरही बंदी होती आणि २०१० मध्ये सामना बघणाऱ्यांचे जीव गेले, त्यामुळे हसू तिथेच थांबतं. २०१८ मध्ये पर्यावरणाचं कारण देत प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली, तेव्हा जगाला पुन्हा मौज वाटली.

१०. २०११ च्या दुष्काळात त्यांनी मदत अडवली होती का?

हो. २० जुलै २०११ ला संयुक्त राष्ट्रांनी बाकूल आणि लोअर शबेले या भागांत दुष्काळ जाहीर केला. दोन्ही मुख्यतः अल-शबाबच्या ताब्यात होते. संघटनेच्या प्रवक्त्याने हे राजकारण आहे म्हणत दुष्काळच नाकारला. जागतिक अन्न कार्यक्रमाला २०१० मध्येच बंदी घातली होती. नोव्हेंबर २०११ मध्ये आणखी १६ संस्थांना हाकललं. लोक गाव सोडून निघाले तर त्यांना वाटेत अडवलं गेलं. नंतरच्या अभ्यासानुसार सुमारे २,६०,००० माणसं मेली, त्यांतली निम्मी पाच वर्षांखालची मुलं.

दोष एकट्या त्यांचा नव्हता. अमेरिकी कायद्यांनुसार मदतीचा काही भाग अल-शबाबच्या हाती लागला तर देणाऱ्या संस्थेवर खटला होऊ शकत होता, त्यामुळे अनेक संस्थांनी आधीच हात आखडला होता. नियम सैल झाले ते दुष्काळ जाहीर झाल्यावर.

११. केनिया आणि युगांडावर हल्ले कशासाठी? वेस्टगेट म्हणजे नैरोबीचं २६/११ का?

त्या देशांचं सैन्य सोमालियात आहे म्हणून, असं संघटना सांगते. युगांडाचे सैनिक मार्च २००७ पासून आफ्रिकी संघाच्या फौजेत आहेत. ११ जुलै २०१० ला विश्वचषकाचा अंतिम सामना पाहणाऱ्या कंपालाच्या गर्दीत स्फोट होऊन ७० हून जास्त लोक मेले. पर्यटक आणि मदतकर्मींच्या अपहरणांनंतर केनियाने ऑक्टोबर २०११ मध्ये सैन्य आत घातलं. त्यापुढे २०१३ ला वेस्टगेट मॉल (६७ मृत), २ एप्रिल २०१५ ला गारिसा विद्यापीठ (१४८ मृत, बहुतेक विद्यार्थी), २०१९ ला नैरोबीतलं दुसितडीटू हॉटेल.

मुंबईशी तुलना काही बाबतींत जुळते: मोजके बंदूकधारी, गजबजलेली जागा, दिवसेंदिवस चाललेला वेढा, सुरक्षा दलांची गोंधळलेली सुरुवात. वेस्टगेटमध्ये हल्लेखोर चारच होते. तो मॉल नैरोबीतल्या भारतीय वंशाच्या वस्तीच्या जवळचा, त्यामुळे मृतांमध्ये भारतीय वंशाची माणसंही होती. तुलना मोडते ती इथे: मुंबईवरचे हल्लेखोर समुद्रापलीकडून आले, केनियात मात्र संघटनेने स्थानिक तरुण भरती केले आहेत. गारिसाच्या हल्लेखोरांत एका केनियन सरकारी अधिकाऱ्याचा कायदा शिकलेला मुलगा होता.

१२. सोमाली चाचे म्हणजे अल-शबाबच ना?

नाही. चाचे पैशासाठी जहाजं पळवतात. त्यांचा बालेकिल्ला मध्य आणि ईशान्य किनारा. २००६ मध्ये न्यायालयांच्या संघाने चाचेगिरी जवळपास बंद पाडली होती, आणि मे २०१० मध्ये हिज्बुल इस्लामचे लोक हरारधेरे या चाच्यांच्या गावात शिरले तेव्हा चाचे पळून गेले. खंडणीत वाटा घेण्याचे प्रकार घडले आहेत, पण तो धंद्यातला व्यवहार.

मार्च २०२४ मध्ये भारतीय नौदलाने 'रुएन' हे जहाज सोडवून ३५ चाच्यांना मुंबईत आणून पोलिसांच्या ताब्यात दिलं, तेव्हा 'मुंबईत अल-शबाबचे अतिरेकी' असे संदेश फिरले होते. ते चाचे होते.

१३. सगळा सोमालिया त्यांच्या ताब्यात आहे का?

नाही. मोठी शहरं सरकारकडे, त्यांच्यामधले रस्ते आणि खेडी बऱ्याच अंशी त्यांच्याकडे. मिडल जुबा प्रांत जवळपास पूर्ण त्यांचा असून तिथलं जिलिब गाव राजधानीसारखं आहे. वायव्येकडचा सोमालीलँड १९९१ पासून स्वतंत्रपणे कारभार करतो. ऑक्टोबर २००८ मध्ये तिथल्या राजधानीत, हर्गेसात, एकाच दिवशी स्फोट झाले होते, त्यापलीकडे त्यांना तिथे पाय रोवता आलेले नाहीत. गंमत अशी की गोदाने स्वतः हर्गेसाचा होता.

१४. एवढी सैन्यं लढतात, तरी ही संघटना संपत का नाही?

गावं जिंकली जातात, पण नंतर ती सांभाळायला कोणी उरत नाही. ऑगस्ट २०११ मध्ये अल-शबाबने मोगादिशू सोडलं, २०१२ मध्ये किस्मायो गेलं, २०१४ मध्ये बरावे. तिने प्रत्येक वेळी लढाई टाळली, झाडीत सरकली, आणि सैन्य पुढे गेलं की परतली. दरम्यान तिचं गुप्तहेर खातं, 'अम्नियात', शहरातच राहिलं.

२०२२ चा उठाव वेगळा वाटला होता. हिरान भागातले शेतकरी आणि गुराखी करवसुलीला आणि मुलांच्या सक्तीच्या भरतीला कंटाळून स्वतःच उठले. त्यांना 'मअविसले' म्हणतात. सोमालीत मअविस म्हणजे लुंगी, तेव्हा सरळ 'लुंगीवाले'. राष्ट्राध्यक्ष हसन शेख मोहमूद यांनी ऑगस्टमध्ये सर्वंकष युद्ध पुकारलं, सैन्य या लुंगीवाल्यांच्या जोडीला गेलं आणि काही महिन्यांत मध्य सोमालियातला मोठा पट्टा सुटला. डिसेंबर २०२२ मध्ये अदन याबाल हे गाव घेतलं तेव्हा जल्लोष झाला. ऑगस्ट २०२३ मध्ये ओस्वेन इथे सैन्याला जबर फटका बसला आणि मोहीम रेंगाळली. एप्रिल २०२५ मध्ये अदन याबाल पुन्हा अल-शबाबकडे गेलं.

आफ्रिकी संघाच्या फौजेचं नाव मध्येमध्ये बदलतं: २००७ ला अमिसोम, २०२२ ला आत्मिस, २०२५ ला औसोम. पैसा कोण देणार हा वाद मात्र नावागणिक मिटत नाही. ज्या गावात सैन्य येऊन जातं आणि मागे ना पोलीस राहतो ना न्यायाधीश, तिथलं पुढचं चित्र प्रश्न ७ आणि ८ मध्ये आहे.

१५. सर्वांत मोठ्या स्फोटाची जबाबदारी त्यांनी घेतलीच नाही. मग तो त्यांचाच कशावरून?

१४ ऑक्टोबर २०१७, मोगादिशूतला झोबे चौक. स्फोटकांनी भरलेला ट्रक फुटला आणि ५८० हून जास्त लोक मेले. त्यांत भाजीवाले होते, बसमधले प्रवासी होते, विद्यार्थी होते. अल-शबाब गप्प राहिली. पण तपास तिच्यापर्यंतच गेला. लष्करी न्यायालयाने दोषी ठरवलेल्या एकाला बरोबर वर्षाने, १४ ऑक्टोबर २०१८ ला, मृत्युदंड दिला गेला.

गप्प राहण्यामागचा हिशेब जुना आहे. ३ डिसेंबर २००९ ला शामो हॉटेलात वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या पदवीदान समारंभात स्फोट झाला आणि मंत्र्यांसह पदवी घ्यायला आलेली मुलं मेली, तेव्हाही संघटनेने हात झटकले होते. बॉम्बने शत्रू मेला तर जबाबदारी घ्यायची, शेजारी मेले तर नाकारायची.

१६. सोमाली सरकार त्यांना 'अल-शबाब' का म्हणत नाही?

'तरुण' हा शब्द त्यांना फुकट देऊ नये म्हणून. २०१५ मध्ये सरकारने 'उगुस' हे नाव काढलं, सोमाली जनतेचं हत्याकांड करणारा गट अशा अर्थाच्या शब्दांची आद्याक्षरं. अलीकडे 'ख्वारिज' म्हणतात, म्हणजे इस्लामच्या सुरुवातीच्या काळातले धर्मद्रोही बंडखोर. लोक बोलताना बहुधा नावच घेत नाहीत; ऐकणारा कोण असेल सांगता येत नाही.

१७. शरण आलेल्या नेत्यांचं काय होतं?

ठराविक उत्तर नाही, म्हणून दोन माणसं पाहा.

हसन दाहिर अवेस (प्रश्न ४ आणि ५) २०१३ मध्ये गोदानेपासून पळून किनाऱ्यावर उतरले. कुळाच्या मध्यस्थीने बोलणी होतील या भरवशावर मोगादिशूला आले आणि विमानतळावरच ताब्यात घेतले गेले. पुढे नजरकैद.

मुख्तार रोबो हा संस्थापकांपैकी, एकेकाळचा उपप्रमुख आणि प्रवक्ता. अमेरिकेने त्याच्यावर ५० लाख डॉलरचं इनाम लावलं होतं. तो रहनवेन कुळाचा. गोदानेशी बिनसल्यावर काही वर्षं बाकूलमध्ये आपल्या माणसांच्या आश्रयाला राहिला. जून २०१७ मध्ये इनाम मागे घेतलं गेलं, ऑगस्टमध्ये तो सरकारकडे आला. २०१८ मध्ये त्याने नैऋत्य राज्याच्या अध्यक्षपदाची निवडणूक लढवायचं ठरवलं आणि तो जिंकेल असं दिसू लागताच डिसेंबरमध्ये बैदोआत त्याला अटक झाली. निदर्शनांत माणसं मारली गेली. त्याबद्दल प्रश्न विचारणारे संयुक्त राष्ट्रांचे दूत निकोलस हेसम यांना सरकारने देशाबाहेर काढलं.

सरकार बदललं. ऑगस्ट २०२२ मध्ये रोबोची नेमणूक मंत्रिमंडळात झाली. खातं मिळालं धार्मिक व्यवहारांचं.